‘छातीत इन्फेक्शन’ एवढंच लिहून आम्हाला घरी पाठवू नका

प्रति,
रुग्णालयांचे व्यवस्थापक, वैद्यकीय नोंदी विभागांचे प्रमुख आणि निदानाच्या याद्या बनवणारी सॉफ्टवेअर मंडळी,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या विभागात एकपानी परिपत्रक आलं. छातीच्या आजारांसाठी निदानाची यादी ‘सुटसुटीत’ केली आहे, डॉक्टरांनी त्यातूनच निवड करावी, कोडरांनी (निदानाला कोड लावणाऱ्यांनी) यापुढे ‘अनावश्यक’ क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना खुलासा मागणारे प्रश्न, पाठवू नयेत, एवढाच मजकूर. यादी उघडून पाहिली. चौदा ओळी. न्यूमोनिया आहे, दमा आहे, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे, ‘खालच्या श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग, अनिर्दिष्ट’ आहे. ब्रॉन्किएक्टेसिसची, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या आजाराची, ओळ एकच: जे ४७.९. म्हणजे गुंतागुंत नसलेला ब्रॉन्किएक्टेसिस.

संसर्गासहचा जे ४७.० नाही. तीव्र उद्रेकाचा जे ४७.१ नाही. गेले.

रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. एक तर माझी नोकरी तिथेच आहे. दुसरं म्हणजे इतर ठिकाणी काम करणाऱ्या कोडर मैत्रिणींना मी ती यादी दाखवली, तर दोघी म्हणाल्या, “आमच्याकडे तर बाराच ओळी आहेत.” म्हणून हे पत्र एकाला नाही, तुम्हा सगळ्यांना.

माझा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. अकरा वर्षं मी मेडिकल कोडिंग करते. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि त्याला आयसीडीचा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा, कोड लावायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. आणि मला स्वतःला ब्रॉन्किएक्टेसिस आहे. लहानपणी डांग्या खोकला झाला, तो गेला, पण जाताना डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या नळ्या कायमच्या बिघडवून गेला. दिवसभर मी लोकांच्या छातीचे कोड लावते आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या छातीतला कफ काढते.

कफ काढणं म्हणजे काय, हे यादी ‘सुटसुटीत’ करणाऱ्यांना माहीत असावं म्हणून सांगते. पलंगाच्या कडेला उजव्या कुशीवर, कमरेखाली दोन उशा, डोकं खाली. दीर्घ श्वास, थांबायचं, मग तोंड उघडं ठेवून जोरात हुंकारल्यासारखा श्वास सोडायचा. असं वीस मिनिटं, चांगला दिवस असेल तर. बेडका सुटला की वाटीत, आणि मग तो उजेडात धरून रंग बघायचा. पांढरट असेल तर कामावर. पिवळा असेल तर कामावर, पण पाण्याची मोठी बाटली बरोबर. हिरवा आणि दाट झाला, त्यात भर म्हणजे जिना चढताना धाप लागू लागली, की समजायचं, आता दोन आठवडे गेले. किळस आली असेल तर माफ करा. मला रोज सकाळी येते, मग सवयीने जाते.

आता माझी फाइल. गेल्या तीन वर्षांत मी पाच वेळा याच कारणासाठी डॉक्टरांकडे गेले, त्यातल्या दोन वेळा अ‍ॅडमिट होते. पाच वेळची निदानं अशी: तीव्र ब्राँकायटिस. दमा. न्यूमोनिया, जंतू अनिर्दिष्ट, जे १८.९. खालच्या श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग, अनिर्दिष्ट, जे २२. आणि पाचव्यांदा, जेव्हा मी स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर जुना सीटी स्कॅन ठेवला, तेव्हा ब्रॉन्किएक्टेसिस, पण जे ४७.९. हातात सलाइन, अंगात ताप, वाटीत हिरवा कफ, आणि कागदावर ‘गुंतागुंत नाही’. छाती तीच, बाजू तीच. ही फाइल वाचणाऱ्या अनोळखी डॉक्टरला वाटेल की या बाईला तीन वर्षांत पाच वेगवेगळे आजार झाले आणि पाचही बरे झाले.

हा आजार म्हणजे काय, हे थोडक्यात, कारण हे पत्र इतरही वाचतील. श्वासनलिकांच्या भिंती सतत सुजून, कुजून सैल पडतात, जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारख्या. एकदा रुंदावल्या की प्रौढ माणसात त्या परत आकसत नाहीत. नळीच्या आतल्या बाजूला कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची झालर असते, ती झडते. कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू घर करतात, जंतूंवर शरीर तुटून पडतं आणि त्या लढाईत भिंत आणखी खराब होते. पीटर कोल या डॉक्टरांनी १९८६ साली याला दुष्टचक्र म्हटलं आणि तो शब्द अजून वापरात आहे. म्हणूनच आमच्या छातीत अधूनमधून जो तीव्र संसर्ग उसळतो, तो धडधाकट माणसाच्या छातीतल्या संसर्गासारखा नसतो. तो आधीच मोडलेल्या घरात शिरलेला असतो. कोण शिरलं ते लिहिता, घर मोडलेलं आहे ते लिहीत नाही, ही माझी मूळ तक्रार.

आणि कोडची व्यवस्था नेमकी हेच लिहिण्यासाठी केलेली आहे! आमच्याकडे आयसीडी-१०-सीएम ही अमेरिकन आवृत्ती वापरतात, जी तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. तिच्यात जे ४७ चे तीन फाटे आहेत. जे ४७.० म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिस आणि त्यासह खालच्या श्वसनमार्गाचा तीव्र संसर्ग. जे ४७.१ म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिस आणि त्याचा तीव्र उद्रेक. जे ४७.९ म्हणजे यातलं काहीही नाही. जे ४७.० मधला ‘सह’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. दोन गोष्टी एकाच कोडात बांधल्या आहेत, कारण त्या माणसाच्या छातीत एकत्र आहेत. मग जंतू सापडला असेल तर त्याचा कोड शेजारी जोडायचा. स्यूडोमोनास असेल तर बी ९६.५. न्यूमोनियाही असेल तर त्याचा कोड वेगळा, आणि पहिला मान कुणाला हे रुग्ण कशासाठी दाखल झाला त्यावरून. जन्मजात असेल तर क्यू ३३.४ कडे जायचं. क्षयरोग चालू असताना झालेला असेल तर ए १५.० कडे. क्षय कधीच बरा झाला आणि मागे ही खराब छाती राहिली असेल, तर आधी ब्रॉन्किएक्टेसिस आणि मग क्षयाच्या अवशेषाचा बी ९०.९. हे सगळं पुस्तकात आहे. कुणाला नवीन काही शोधायचं नाही.

“आमच्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्ती आहे, तिच्यात जे ४७ ला फाटेच नाहीत,” असं काही व्यवस्थापक सांगतील. खरं आहे, तिथे तीन अक्षरी जे ४७ वरच काम थांबतं. पण संसर्गाचा आणि जंतूचा कोड शेजारी लावायला तिथेही कुणी हात धरलेला नाही. आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ब्रॉन्किएक्टेसिसला सीए २४ दिला आहे, आणि एका कोडला दुसरा जोडून साखळी करण्याची सोय तर त्या आवृत्तीची खासियतच आहे. जग जोडत चाललंय. तुम्ही तोडताय.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली. यादीत जे ४७.९ एकटाच ठेवणं म्हणजे डॉक्टरला खोटं लिहायला लावणं. रात्रपाळीचा थकलेला डॉक्टर, समोर चार डिस्चार्ज उरलेले, तो ‘ब्रॉन्क’ टाइप करतो, एकच ओळ येते, तो ती दाबतो. त्याला वाटतं आपण बरोबर लिहिलं. मी त्याला दोष देत नाही (थोडासा देते, पण या पत्रात नाही). ओळ दिसलीच नाही तर माणूस निवडणार कशी? जे ४७.९ वाचणारा पुढचा माणूस, मग तो डॉक्टर असो वा विमा कंपनीचा तपासनीस, हेच म्हणणार की या बाईंना तेव्हा संसर्ग नव्हता. मग शिरेतून अँटिबायोटिक कशाला दिलं? दहा दिवस खाट कशाला अडवली? हे प्रश्न नंतर मलाच विचारले जातात. कोडर म्हणूनही आणि रुग्ण म्हणूनही.

दुसरी तक्रार क्वेरीची, आणि इथे मी थोडी जास्त जागा घेणार आहे, कारण बाहेरच्या लोकांना आमच्या कामाची ही बाजू दिसत नाही. कोडर निदान करत नाही. समोर सीटीचा अहवाल असतो, त्यात रेडिओलॉजिस्टने स्वच्छ लिहिलेलं असतं की श्वासनलिका शेजारच्या रक्तवाहिनीपेक्षा रुंद झाली आहे. खड्याच्या अंगठीसारखं ते चित्र पाठ झालंय मला. माझ्याच सीटीत आहे. पुढच्या पानावर थुंकीच्या कल्चरचा (थुंकीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) अहवाल असतो, स्यूडोमोनास वाढलेला. आणि शेवटच्या पानावर डॉक्टरांचं निदान: ‘छातीत इन्फेक्शन. सुधारणा. घरी सोडले.’ सगळं दिसत असूनही मला जे ४७.० लावता येत नाही. नुसत्या तपासणीच्या अहवालावरून कोड लावायचा नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते निदान म्हणून लिहिलं पाहिजे, असा नियम आहे. आणि तो योग्यच आहे. मी डॉक्टर नाही.

अशा वेळी आमच्याकडे एकच वाट असते, क्वेरी. तीही वाटेल तशी लिहिता येत नाही. “साहेब, जे ४७.० लावू का?” असं विचारलं तर ते उत्तर तोंडात घालणं झालं, ऑडिटमध्ये पहिलं तेच पकडतात. मी लिहिते ते असं: “सीटी अहवालात डाव्या खालच्या भागात ब्रॉन्किएक्टेसिस नमूद आहे. थुंकीच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास वाढला आहे. रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक दिलेलं आहे. या नोंदींचा वैद्यकीय अर्थ आपल्या मते काय, तो कृपया निदानात लिहावा.” खाली दोन-तीन पर्याय, त्यात ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हे दोन असलेच पाहिजेत. डॉक्टरला उत्तर द्यायला एक मिनिट लागतं. हे एक मिनिट तुम्ही ‘अनावश्यक’ ठरवलं आहे. मग मी काय करायचं? जे २२ लावायचा, अनिर्दिष्ट, आणि पुढचा चार्ट उघडायचा. तासाला किती चार्ट झाले याचा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर येतो. त्यातले किती खरे होते, याला पडदा नाही.

असाच एक चार्ट माझ्या मनातून जात नाही. कुणाचा ते सांगणार नाही, सांगायचाही नाही. पहिल्या खेपेला ‘न्यूमोनिया’ लिहून घरी सोडलेला माणूस तीन आठवड्यांत परत आला. मधल्या काळात त्याने बाहेर दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं होतं. त्या डॉक्टरने डिस्चार्ज कार्ड वाचलं, त्यात न्यूमोनिया होता, त्याने न्यूमोनियाला चालणारं नेहमीचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट दिलं. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण त्या माणसाच्या पहिल्या फाइलमध्ये, कल्चरच्या कागदावर, स्यूडोमोनास होता, आणि स्यूडोमोनासवर ते औषध चालत नाही. ते पान आमच्या कपाटात होतं. डिस्चार्ज कार्ड त्याच्या खिशात. या दोन कागदांच्या मधला पूल म्हणजे नीट लिहिलेलं निदान आणि त्याचा कोड. त्या पहिल्या चार्टवर कोड लावणारी मीच होते. तेव्हा क्वेरी पाठवायला मनाई नव्हती, तरी मी पाठवली नाही. त्या दिवशी आकडा मागे पडला होता. ही कबुली मी उगाच देत नाही. मनाई नसताना ही गत होते, तर मनाई झाल्यावर काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा.

तिसरी. न्यूमोनिया म्हटलं आणि प्रकृती सुधारत असली, की अँटिबायोटिक पाच-सात दिवसांत थांबवतात. ब्रॉन्किएक्टेसिसमधल्या तीव्र संसर्गाला मार्गदर्शक सूचना साधारण चौदा दिवस सांगतात, आणि औषधही शक्यतो आधीच्या थुंकीत कोणता जंतू होता ते बघून निवडायला सांगतात. आधीचा जंतू कुठे बघणार? फाइलमध्ये. फाइलमध्ये काय? ‘अनिर्दिष्ट’. शिवाय औषधाबरोबर कफ काढण्याचा व्यायाम वाढवायचा असतो, फिजिओथेरपिस्टला बोलवायचं असतं. ‘न्यूमोनिया’ वाचून माझ्याकडे कुणी फिजिओथेरपिस्ट आला नाही. मी माझी मीच उशा मागून घेतल्या.

चौथी, दमा आणि सीओपीडी या दोन शिक्क्यांबद्दल. खोकला, घरघर, धाप म्हणजे दमा, हे सोपं उत्तर आहे आणि यादीत ते वरच्या ओळीत आहे. काहींना दोन्ही असतात, मान्य. पण ज्यांना नुसता ब्रॉन्किएक्टेसिस आहे त्यांच्या कागदावर एकदा ‘दमा’ चढला की स्टेरॉइडचा पंप सुरू होतो, आणि तो पुढची कित्येक वर्षं कुणी बंद करत नाही, कारण कागदावर दमा आहे. दमा किंवा सीओपीडी सोबत नसेल तर ब्रॉन्किएक्टेसिसला हा पंप सरसकट देऊ नये, असंच सूचना सांगतात. मला तो चौदा महिने चालू होता. एका चुकीच्या ओळीचा खर्च मी घशातल्या बुरशीने फेडला.

पाचवी तक्रार मोजणीची आहे आणि मला वाटतं, दूरचा विचार केला तर हीच सर्वांत गंभीर. या आजारात वर्षाला किती उद्रेक झाले, यावर पुढचे निर्णय अवलंबून असतात. २०१७ साली तज्ज्ञांनी उद्रेकाची व्याख्या पक्की केली. खोकला, कफाचं प्रमाण किंवा दाटपणा, कफाचा पूसारखा रंग, धाप किंवा श्रम न झेपणं, थकवा, कफातून रक्त, यांपैकी तीन किंवा जास्त गोष्टी किमान ४८ तास बिघडलेल्या, आणि डॉक्टरांना उपचार बदलावे लागले, तर तो उद्रेक. वर्षात तीन किंवा अधिक झाले तर दीर्घकाळ चालणाऱ्या अ‍ॅझिथ्रोमायसिनसारख्या औषधाचा विचार करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ब्रेन्सोकॅटिब हे खास या आजारासाठीचं पहिलंच औषध मंजूर झालं. त्याच्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांना प्रवेशच मुळी आधीच्या वर्षात किमान दोन उद्रेक झाले असतील तर होता. आता सांगा, माझे पाच प्रसंग ब्राँकायटिस, दमा, न्यूमोनिया, अनिर्दिष्ट आणि गुंतागुंत नाही असे लिहिले गेले, तर माझ्या नावावर उद्रेक किती? शून्य. कुणी संशोधक उद्या तुमच्या नोंदींमधून जे ४७.१ आणि जे ४७.० शोधायला बसला तर त्याला मी सापडणारच नाही. मग ‘हा आजार दुर्मीळ आहे, त्यासाठी वेगळं क्लिनिक परवडत नाही’ असं तुम्हीच बैठकीत सांगणार. मी त्या बैठकीला असते. आकडे काढून देणारी मीच असते.

आणि उद्रेक आणि संसर्ग हे एकच आहेत असं धरून चालणंही बरोबर नाही. कधी छाती बिघडते पण तीव्र जंतुसंसर्ग आहे असं डॉक्टर म्हणत नाहीत, तो जे ४७.१. कधी कफात स्यूडोमोनास वर्षानुवर्षं शांत मुक्काम करून असतो आणि आजचा त्रास त्याचा नसतो. हा फरक फक्त डॉक्टर करू शकतो, कल्चरचा कागद करू शकत नाही, कोडर तर नाहीच. म्हणून मला यादी लांब हवी आहे आणि क्वेरीही हवी आहे. एकावर भागणार नाही.

सहावी, विम्याची. थोडक्यात सांगते, कारण हे दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. आधीच्या कागदांवर दमा आणि न्यूमोनिया, नंतर एकदम ब्रॉन्किएक्टेसिस दिसला की तपासनीस विचारतो, हा आजार तुम्ही का लपवला? लपवला कुणी?

एक गोष्ट मात्र उलट बाजूची. जिथे पैसे कोडवरून ठरतात तिथे ‘मग सरसकट जे ४७.० लावा, वजनदार आहे’ असा कानमंत्र देणारेही भेटतात. मला तोही नको. ज्याला संसर्ग नाही त्याच्या नावावर संसर्ग चढवणं ही फसवणूक आहे, आणि माझ्यासारखीला तर ती दुहेरी महागात पडेल, कारण मग खऱ्या संसर्गावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मी जास्तीचा कोड मागत नाहीये. जे घडलं त्याचा कोड मागतेय.

१८१९ साली फ्रेंच डॉक्टर रेने लेनेक यांनी या आजाराचं वर्णन लिहिलं. तीन वर्षांपूर्वीच त्यांनी स्टेथोस्कोप शोधला होता, म्हणजे गुंडाळलेला कागद आणि मग लाकडाची नळी. सीटी नाही, कल्चर नाही, अँटिबायोटिक तर नाहीच. लाकडाची नळी छातीला लावून त्या माणसाने ओळखलं की इथल्या श्वासनलिका रुंदावल्या आहेत, आणि तसं लिहून ठेवलं. आपल्याकडे मिलिमीटरगणिक छातीचे काप दाखवणारं यंत्र आहे आणि आपण लिहितो ‘छातीत इन्फेक्शन’.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

निदानाच्या यादीत जे ४७ चे तीनही फाटे ठेवा, आणि ‘ब्रॉन्क’ टाइप केल्यावर तिन्ही ओळी एकाच वेळी दिसू द्या, पूर्ण मराठी किंवा पूर्ण इंग्रजी मजकुरासह, नुसत्या आकड्यांनी नाही. जे ४७.० निवडला की संसर्गाचा आणि जंतूचा कोड विचारणारी खिडकी उघडू द्या. सॉफ्टवेअर मंडळींना हे अवघड नाही. जेवणाचं ऑर्डर घेणारं अ‍ॅपसुद्धा ‘सोबत आणखी काही?’ विचारतं.

क्वेरीवरची बंदी लेखी मागे घ्या. कोडरचा आकडा मोजताना क्वेरीसाठी लागलेला वेळ वजा करा. ज्या क्वेरीला दोन दिवसांत उत्तर येत नाही ती विभागप्रमुखांकडे आपोआप जावी. आज ती माझ्या इनबॉक्समध्येच वारते.

सीटीत ब्रॉन्किएक्टेसिस आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर मूळ आजार, या वेळचा तीव्र प्रसंग, सापडलेला जंतू आणि कोणतं औषध किती दिवस, या चार गोष्टी पहिल्या पानावर असाव्यात. कल्चरचा अहवाल डिस्चार्जनंतर आला, जो बहुधा नंतरच येतो, तर कार्डावर पुरवणी नोंद करून रुग्णाला कळवावं. ही जबाबदारी कुणाची हे आज कुणालाच माहीत नाही. कुणातरी एका माणसाच्या नावावर ती टाका.

गेल्या तीन वर्षांतले जे २२ आणि जे १८.९ लावलेले, पण सीटीत ब्रॉन्किएक्टेसिस असलेले चार्ट पुन्हा उघडा. सगळे जमणार नसतील तर दोनदा किंवा अधिक वेळा दाखल झालेल्यांपासून सुरुवात करा. हे काम मी माझ्या पाळीनंतर करायला तयार आहे. डॉक्टर मात्र उत्तर द्यायला हवेत.

आणि रुग्णाला त्याचा कोड सांगा. डिस्चार्ज कार्ड देताना त्याच्या भाषेत दोन वाक्यं. “तुमच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या आहेत आणि या वेळी त्यात या जंतूचा संसर्ग झाला होता. पुढच्या वेळी कुठेही गेलात तरी हा कागद आधी दाखवा.” मला हे वाक्य पहिल्यांदा ऐकायला एकोणतीस वर्षं लागली, आणि तेही मला कुणी सांगितलं नाही. माझ्याच सीटीचा अहवाल मी कोडरच्या डोळ्यांनी वाचला तेव्हा कळलं.

माझ्या फाइलमधल्या पाचही नोंदी दुरुस्त करण्यासाठी मी रीतसर अर्ज दिला आहे. त्यातल्या दोन नोंदींवर कोड मी ज्यांच्या शेजारी बसते त्यांनीच लावलेला आहे, यादीत होता तोच. त्यांना काही बोलू नका.

उत्तर लेखी द्यावं. आमच्या रुग्णालयातल्या मंडळींना समोरासमोर बोलायचं असेल तर नोंदी विभागात मला शोधावं लागणार नाही, खोकल्याच्या दिशेने यावं. सकाळी दहाच्या आत मात्र नको, तोवर माझी वाटी चालू असते.

आपली,
तुमच्या यादीत न मावलेली एक कोडर